फरकमीमांसा: टेंभुर्णी पाठ

आरोग्ययंत्रांच्या अभ्यासात पुण्या-मुंबईच्या पंडितांनी आजवर एक मोठी गफलत केली आहे. ते यंत्राचा अभ्यास करतात. गादीत चुंबक किती, कड्यात टायटॅनियम किती, मोबाइलला चिकटवायच्या चकतीने लहरी अडतात की नाही, असल्या किरकोळ प्रश्नांत त्यांची हयात जाते. प्रस्तुत ग्रंथकाराच्या मते अभ्यास यंत्राचा नव्हे, साडूचा करायला हवा. टेंभुर्णीत एकही आरोग्ययंत्र दुकानातून आलेलं आमच्या पाहण्यात नाही. ते साडूकडून येतं, मेव्हण्याकडून येतं, फार तर व्याह्यांकडून. आणि व्याह्यांकडून आलं तर त्याची चिकित्सा शास्त्राने निषिद्ध मानली आहे.

आता क्षेत्रविचार. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या या गावातून एक रस्ता पंढरपूरला जातो, एक कुर्डुवाडीला, एक करमाळ्याकडे, एक अकलूजला. त्यामुळे चहूदिशांचे साडू इथे जेवणवेळेपर्यंत पोहोचू शकतात. उजनीच्या पाण्यावर ऊस होतो, उसाचं बिल येतं आणि बिलापाठोपाठ यंत्र येतं. ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. ते प्रत्यक्षात कधी मिळतात हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पण कधीही मिळोत, साडूला ते आधी कळतं.

न्यायदर्शनाने प्रमाणं चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. टेंभुर्णी पाठात पाचवं आहे, ते म्हणजे ‘फरक’. बाकीची चार त्याच्यासमोर चहा आणायला जातात. “फरक हाय” असं एकदा म्हटलं की वाद मिटला. हा फरक आण्यात मोजतात. भारतीय चलनातून आणा १९५७ साली हद्दपार झाला, सांधेदुखीतून अजून झालेला नाही. गादीवर चार रात्री झोपलं की चार आणे फरक, महिन्याने आठ आणे. बारा आण्यांच्या वर मात्र कुणालाच फरक पडत नाही. उरलेले चार आणे कंपनीने पुढच्या यंत्रासाठी राखून ठेवलेले असतात.

अनुमानाचं उदाहरण चुंबकीय गादीचं. रक्तात लोह असतं, चुंबक लोह ओढतं, म्हणून गादीवर पडलं की रक्त पळतं. पर्वतावर धूर दिसला म्हणजे अग्नी असणारच, तितकंच हे पक्कं वाटतं. अडचण इतकीच, की रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत गुंतलेलं असतं आणि तिथे ते खिळ्यासारखं वागत नाही. प्राणवायूने भरलेलं रक्त चुंबकापासून उलट किंचित दूर सरतं, तेही इतकं किंचित की मोजायला प्रयोगशाळा लागते. या वादातला पूर्वपक्ष म्हणजे आमचा मित्र अप्पा. त्याच्या साडूंचा एमआरआय सोलापुरात झाला. ते यंत्र बहुधा दीड टेस्लाचं असतं. गादीतल्या चुंबकांनी त्याच्यापुढे उभंही राहू नये. मूळ अनुमान खरं असतं तर साडूंचं सगळं रक्त एका कुशीला गोळा व्हायला हवं होतं. ते तर बाहेर येऊन पार्किंगवाल्याशी दहा रुपयांवरून भांडले. हे आम्ही अप्पाच्या नजरेस आणून दिलं. पूर्वपक्षाचं उत्तर तयार होतं: “त्या मशीनचं चुंबक तपासायचं असतं. गादीचं बरं करायचं असतं.”

प्रत्यक्ष प्रमाणात पाण्याचा डेमो येतो. एका निवृत्त गुरुजींच्या ओसरीवर तो आम्ही मांडीला मांडी लावून पाहिला. दोन ग्लास, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात साडूच्या कंपनीच्या यंत्राचं. वर सळया लावलेलं झाकण, त्याची पिन प्लगमध्ये. मिनिटाभरात बोअरचं पाणी पिवळं पडलं, मग हिरवट, मग वर काळपट साका तरंगू लागला. “हे रोज तुमच्या पोटात जातंय,” विक्रेता म्हणाला, आणि वहिनींनी तोंडाला पदर लावला. दुसरा ग्लास निर्मळच.

वास्तविक तो साका पाण्यातला नव्हे, सळईचा. लोखंडी सळईतून वीज गेली की सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. वीज जायला पाण्यात क्षार हवेत. बोअरमध्ये ते भरपूर, गाळलेल्या पाण्यात जवळपास नाहीत, म्हणून तिथे नाटकच सुरू होत नाही. क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पाणी तपासून घ्यावं, गरज असेल तर गाळूनही घ्यावं; आमचा आक्षेप फक्त सळईला आहे. आम्ही आतून मीठ मागवून निर्मळ ग्लासात चिमूटभर टाकलं. तोही पिवळा झाला. विक्रेता विचलित झाला नाही. “बघा,” म्हणाला, “मीठ किती वाईट असतं.”

परदेशी आधाराशिवाय ग्रंथाला वजन येत नाही, म्हणून एक देतो. १७९६ साली अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टरने दोन टोकदार धातूच्या सळयांचं पेटंट घेतलं. दुखऱ्या जागेवरून त्या ओढल्या की दुखणं निघून जाई. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनने एक जोड घेतला होता. १७९९ मध्ये इंग्लंडातल्या बाथ गावी जॉन हेगार्थने लाकडाच्या सळया केल्या, त्यांना धातूसारखा रंग दिला आणि पाच रोग्यांवर फिरवल्या. चौघांना फरक पडला. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळयांनीही तितकाच. हेगार्थने आणे मोजले नाहीत, एवढीच त्या प्रयोगातली उणीव.

फरक खरा असतो, हे मात्र मान्य करायला हवं. गुडघा कधी चढतो, कधी उतरतो. यंत्र कुणी बऱ्या दिवशी घेत नाही. पार टेकीला आल्यावरच घेतो. त्यानंतर दुखणं आपोआप उतरलं तरी मान यंत्राला.

कायद्याचं काय? चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिराती जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. त्यामुळे जाणकार विक्रेता हल्ली देवाचं नाव घेत नाही, ‘क्वांटम’चं घेतो. १९५४ च्या कायद्यात तोंडी घोषणासुद्धा जाहिरातीत मोडते. पण आमरसाच्या पंगतीत साडूवर पंचनामा करणारा हवालदार अजून जन्माला यायचा आहे.

राहिलं कडं. ते घालून एका पायावर उभं राहायचं, हात आडवा धरायचा, समोरचा हात खाली दाबतो. कडं नसताना तोल जातो, असताना जात नाही. दाबणारा आधी किंचित बाहेरच्या बाजूला दाबतो, नंतर किंचित पायाकडे, एवढंच त्यातलं विज्ञान. ‘पॉवर बॅलन्स’ कंपनीला आपल्या अशाच पट्ट्यांमागे भरवशाचा शास्त्रीय पुरावा नसल्याचं २०१० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कबूल करावं लागलं. ती बातमी टेंभुर्णीच्या फाट्यावर उतरली नसावी.

म्हणून उत्तरपक्षाने प्रयोग मांडला. पंढरपुराहून तशाच जाडीचं साधं स्टीलचं कडं आणलं. अप्पाची नात आतल्या खोलीत दोन्हींपैकी एक त्याच्या हातात घाली, वरून जुन्या मोज्याची नळी चढवी. कोणतं घातलं हे ना अप्पाला ठाऊक, ना दाबणाऱ्या आम्हाला. नातीने पाटीवर नोंद ठेवली. कधी कंपनीच्या कड्याने अप्पाला झोकांडी दिली, कधी पंढरपूरच्या कड्याने तारलं. पाटी बाहेर आली तेव्हा वादाला जागाच उरली नव्हती.

अप्पा मनगट चोळत बसला. मग म्हणाला, “म्हंजे कड्यात काय बी न्हाई.”

“नाही.”

“ते मला बी म्हाईत हाय लगा. पण साडूनं माझ्या नावावर पाच कडी उचलल्यात. तीन खपली.” त्याने नळी काढून कडं मांडीला पुसलं आणि आमच्यापुढे धरलं. “तुझा गुडघा काय म्हणतुय?”