ओव्हरदादा

गाडी अजून स्वारगेटलाच उभी असते, पण ओव्हरदादांचा ट्रेक सुरू झालेला असतो. ते ड्रायव्हरशेजारी आणि त्यांनी नेमलेला 'टेल' मागच्या सीटवर. मध्ये पेंगणारी अकरा माणसं. तरी कमरेचा वॉकीटॉकी निघतो. "लीड टू टेल, किती डोकी? ओव्हर." "तेरा, ओव्हर." हे उत्तर आम्हाला दोनदा ऐकू येतं, एकदा यंत्रातून आणि एकदा नुसतंच. नुसतं जास्त स्पष्ट असतं. मग दोन्ही संच एकमेकांचा आवाज धरून कुईऽऽ करून किंचाळतात आणि सगळी गाडी जागी होते.

दादा आमच्या सोसायटीचे माजी सचिव. वॉकीटॉकीत बटण दाबून धरलेलं असेपर्यंत समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना ही सोय कधीच मिळाली नव्हती.

"लायसन लागतं ना याला?" असं चुकूनही विचारू नका. '४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, २०१८चे नियम, परवाना नको' हे ते एका दमात म्हणतात, रामरक्षेसारखं. एकदा एका पोराने फोन पुढे केला. "दादा, झेलो टाका ना. यातही बटण दाबून बोलता येतं, तेही पार अमेरिकेपर्यंत." दादांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "अमेरिकेत आपलं कोण हरवलंय? आणि नेट गेल्यावर काय बोलणार, कप्पाळ?" मुद्दा बिनतोड होता.

राजगडावर नेट गेलंच. दादा पद्मावती माचीवर ताकवाल्या मावशींपाशी बसलेले, टेल बाकीच्यांना घेऊन सुवेळा माचीवर नेढं बघायला गेलेला. "टेल, कुठपर्यंत आलात? ओव्हर." खरखर. संचाच्या खोक्यावर पाच किलोमीटर छापलंय, पण ते मोकळ्या मैदानातले. या लहरी सरळ जातात आणि इथे मध्ये अख्खा बालेकिल्ला उभा. दादांनी चॅनल बदलला, अँटेना आडवी धरली, तटावर चढून पाहिलं. झेलोवाला पोरगा शेजारीच फोन आभाळाला दाखवत उभा होता, एरवीच्या वैऱ्याच्या खांद्याला खांदा लावून.

तेवढ्यात सुवेळ्याकडून सरबतवाला पोरगा खांद्यावर रिकामी कळशी टाकून आला. "तुमची मान्सं येत्यात. एका ताईचा बूट फाटलाय. बारा ताक सांगितलंय, एकाला सर्दी हाय."

दादांनी संच तोंडाशी नेला. "मेसेज रिसीव्हड. ओव्हर अँड आऊट."

आता 'ओव्हर' म्हणजे 'तू बोल' आणि 'आऊट' म्हणजे 'बोलणं संपलं'. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे पाहुण्याला 'बसा' म्हणत दार उघडून धरणं. पण हे दादांना सांगायला सलग दोन मिनिटं लागतील आणि बटण त्यांच्या हातात.

बूट त्यांनीच सुतळीने बांधून दिला. सुतळी त्यांच्या सॅकमध्ये असतेच. उतरताना चोरदरवाजाशी मोजलं, तेरा. गुंजवण्यात मोजलं, तेरा. गाडीत बसल्यावर परत मोजलं आणि संच किंचाळला.

पोरं ट्रेकला निघाली असतील आणि तुम्हाला रात्री झोप हवी असेल, तर त्यांना ओव्हरदादांबरोबरच धाडा. जाताना मात्र त्यांना मागच्या सीटवर बसू देऊ नका.