पाटा, वरवंटा आणि आंबोली

कोल्हापुरात एखादी वस्तू बाजारात मिळते, एवढ्यावरून ती विकत घ्यावी असं कुणी मानत नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेराच इथं घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला. तेव्हापासून शिवाजी उद्यमनगरातल्या प्रत्येक लेथवाल्याची समजूत आहे, की जगात काहीही बनवता येतं; फक्त कुणीतरी माप घेऊन यायचं बाकी असतं.

आमचे दाजी माप घेऊन गेले.

दाजी साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हतं आणि हात गप्प बसत नव्हते. एकदा त्यांनी मला विचारलं, “पावणं, जुलैत आंबोलीला शनिवार-रविवार दोन खोल्यांचं काय घेत्यात, म्हायताय?” मी आकडा सांगितला. “तेवढ्यात घर हुतंय,” दाजी म्हणाले. शासनानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी पाकिटात जपून ठेवलं होतं. पर्यटकांनी चाकांवरच्या घरातून महाराष्ट्र पाहावा, असा शासनाचा आग्रह होता. ते घर बनवायचं कुणी, एवढं तेवढं कात्रणात नव्हतं. दाजींनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली.

नमुना अमेरिकेतला. १९३० च्या दशकात तिथं पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, पुढून गोल आणि मागं उतरते असे छोटे ट्रेलर निघाले. आत झोपायचं, मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर. मासिकांत आराखडे छापून येत आणि लोक ते घरामागच्या गॅरेजात ठोकत. आकाराचं गणित सोपं होतं. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते, म्हणून घर आठ बाय चारचं. यात वास्तुशास्त्र काही नाही. जे आहे ते टिंबर मार्केट.

आठ बाय चारमध्ये दोन माणसं झोपतात. आम्ही सात: दाजी, अक्का, त्यांची दोन पोरं, दाजींच्या आई म्हणजे आत्ती, आणि आम्ही दोघं. हे मी दाजींच्या नजरेला आणलं. ते म्हणाले, “झोपायचंय कुणाला? फिरायला चाललोय न्हवं?”

हौसेखातर चाकांवरचं घर बांधणारा पहिला गृहस्थ म्हणून डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. त्यांनी १८८५ मध्ये दोन घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि गाडीवान, नोकर, कुत्रा व काकाकुवा असा लवाजमा घेऊन ते इंग्लंड-स्कॉटलंड फिरले. बायकोला नेलं नाही, त्यामुळे गाडीचा आराखडा शेवटपर्यंत बदलला नाही. पुढं अमेरिकेत वॉली बायम नावाच्या माणसानं मोटारीच्या सांगाड्यावर तंबू ठोकून बायकोला सहलीला नेलं. तिला ते पसंत पडलं नाही. मग शेगडी आणि बर्फाची पेटी बसवलेलं घर झालं, त्याचे आराखडे त्यानं टपालानं विकले, आणि त्यातून एअरस्ट्रीम ही कंपनी उभी राहिली. अक्कानं ही गोष्ट ऐकून घेतली आणि “बघा,” एवढंच म्हणाली.

(आपल्याकडं हे सगळं आधीपासून होतंच. दसरा-दिवाळीच्या मागंपुढं बीडकडचे ऊसतोडणीवाले बैलगाडीवर चूल, भांडी, अंथरूण, पोरं आणि म्हातारी माणसं घालून आमच्या भागात येतात, ते उन्हाळ्यापर्यंत पालात राहतात. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही, आणि म्हणूही नये.)

सांगाड्यासाठी ४० बाय ४० बाय ५ चा अँगल पुरला असता, मीटरला तीन किलो भरतो. पण दाजींचं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी मीटरला सात किलोचं चॅनल वापरलं. “एकदा केलं की परत बघायला नगो.” आस जुन्या जीपचा, पाटे जुन्या जीपचे, हब नवे. वर मरीन प्लाय, त्यावर पत्रा, सांध्यांना नळाच्या गळतीला लावतात ते एम-सील.

मग आत्तींनी स्वयंपाकघर पाहिलं. झाकण उचलून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “पाटा कुठं ठेवायचा?” मिक्सर चालेल, असं कुणीतरी सुचवलं. ते कुणीतरी म्हणजे माझी बायको, आणि ती त्या घरची पाहुणी असल्यानं वाचली. पाट्यावर न वाटलेला मसाला मटणात घालायचा असेल, तर मटण घरीच खाऊ आणि आंबोलीला बिस्किटं नेऊ, असा आत्तींचा तोडगा होता.

इथं शास्त्र आत्तींच्या मदतीला धावून आलं. ट्रेलरचं दहा टक्क्यांच्या आसपास वजन पुढं, ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यावं लागतं. मागं वजन जास्त झालं की ट्रेलर रस्त्यावर झोल खातो आणि पुढच्या गाडीलाही झोकांड्या देतो. आमचं स्वयंपाकघर नेमकं मागं: शेगडी, पाच किलोची टाकी, पाण्याचे कॅन, ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण चटणीची बरणी. तोल सावरायला पुढं काहीतरी जड हवंच होतं. दाजींनी नाकाशी एक पेटी जोडली आणि तिच्यात पाटा-वरवंटा बसवला. एअरस्ट्रीमच्या कारखान्यात ही सोय निघाली नसेल, असं मला वाटतं.

सगळं घर काट्यावर नेलं. कागदावर अडीचशे किलो होतं. काट्यानं त्याच्या दुपटीहून जास्त दाखवलं. दाजी शांतपणे म्हणाले, “काटा मारतोय.” आमच्या जिल्ह्यात काट्याबद्दल ही शंका पिढीजात आहे. पण उसाच्या काट्यावर वजन कमी दाखवतात, अशी तक्रार असते. जास्त दाखवणारा काटा दाजींनाच भेटला.

राहता राहिलं पासिंग. एजंटानं ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि दाजींना मोटार वाहन कायदा १९८८ समजावून सांगितला. मोटारीनं ओढलं जाणारं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं वाहन म्हणजे ट्रेलर. त्याला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि नोंदणीला मान्यता मिळालेली बनावट लागते. उद्यमनगरात वेल्डिंग झालं, ही मान्यता नव्हे.

“ओढलाच न्हाई तर?” दाजींनी विचारलं.

“ओढायसाठी बनवलाय न्हवं? हेतू आला की त्यात.”

दाजी बराच वेळ हेतूवर विचार करत बसले. शेवटी त्यांनी जो मार्ग काढला, तो संपूर्ण कायदेशीर होता. ट्रेलर ओढायचाच नाही. पिकअपमध्ये माल म्हणून चढवायचा.

तर अशा रीतीनं, हॉटेलचं भाडं वाचवण्यासाठी बांधलेलं, आपल्या पायांवर उभं असलेलं घर भाड्याच्या पिकअपच्या पाठीवर दोरखंडानं आवळून आम्ही निघालो. ज्या गाडीनं त्याला ओढायचं होतं, ती आम्हा सातांना घेऊन त्याच्या मागून चालली होती. कागलच्या पुढं राज्य बदललं, निपाणीहून वळून उत्तूरकडं परत महाराष्ट्र लागला. आजऱ्यात चहाला थांबलो, तर चार माणसं जमली. एकानं झाकण वर करून शेगडी पाहिली आणि भजीचा गाडा कितीला पडला म्हणून विचारलं. दाजींनी उत्तर दिलं नाही. पिकअपचा ड्रायव्हर म्हणाला, “बदली झालीया सायबांची,” आणि विषय संपवला.

आंबोली म्हटलं की घाट, धबधबा, मक्याची कणसं आणि माकडं. ती सगळी सावंतवाडीकडून चढणाऱ्यांची आंबोली. आजऱ्याकडून जाणाऱ्याला घाट लागतच नाही; झाडी दाट होते, धुकं उतरतं आणि समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवरचं गाव रस्त्याच्या पातळीवरच भेटतं. वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावला जाणारा रस्ता या घाटानं झाला, तेव्हा सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांना ही जागा आवडली आणि थंड हवेचं ठिकाण म्हणून तिची मांडणी झाली. कर्नलसाहेब उन्हाळ्याच्या हिशेबानं आले असावेत. इथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा आम्ही गेलो त्या महिन्यात.

चौकुळच्या वाटेवर एकांच्या आवारात जागा ठरवली होती. त्यांच्या राहायला देण्याच्या चार खोल्या होत्या, चारही रिकाम्या. फळ्या लावून, गावातली पोरं बोलावून, घर खाली उतरवलं. मालक छत्री धरून बघत होते.

“ह्यां काय?”

“घर,” दाजी म्हणाले.

मालकांनी मागं वळून आपल्या चार खोल्यांकडं बोट दाखवलं. “आणि ह्यां काय दिसता तुमका?”

आत्तींनी झाकण उचललं. झाकण पश्चिमेला होतं. समुद्रावरून सुटलेला वारा सह्याद्रीच्या कड्यावर आपटून वर येतो, आणि वर आल्यावर त्याला पहिली सपाट गोष्ट भेटली ती आमचं झाकण. अर्धा टन घर जागचं हललं. शेगडी विझली, पीठ उडालं, आणि चटणीची बरणी आत्तींनी पोटाशी धरली. “तोंड पूर्वेक करा,” मालक ओरडले, “पावस हयसर वयसून पडना नाय, आडवो येता!” पोरांना परत बोलावून घर फिरवलं. मालकांच्या बोलण्यात काही अतिशयोक्ती नव्हती, हे गेळ्यातल्या कावळेसादला गेल्यावर पटलं. तिथं दरीत पडणारं पाणी वारा उलटं वर आणून आपल्याच तोंडावर फेकतो. पोरं खूश झाली. दाजी म्हणाले, “एम-सील वरून लावलंय, खालनं न्हाई.”

जेवण मात्र झालं, आणि झकास झालं. पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचा वास धुक्यात अडकून राहिला. मालकांनी एकदा विचारपूस केली, दुसऱ्यांदा वाटी घेऊनच आले.

रात्री झोपायची वाटणी अशी: आत बायका-पोरं, बाहेर ताडपत्रीखाली दाजी आणि मी, ड्रायव्हर पिकअपच्या केबिनमध्ये. त्या रात्री कोरडा राहिला तो एकटा ड्रायव्हर. ताडपत्रीखाली ओहोळ वाहायला लागला, मग त्यातून बेडूक आले. आत सांध्यांतून धार सुरू झाली आणि हवेच्या झरोक्यातून ढग. मध्यरात्री मालक बॅटरी घेऊन आले आणि काही न बोलता आम्हाला पडवीत घेऊन गेले. तिथं कोरडी सतरंजी आधीच अंथरलेली होती, हे मला जरा लागलं.

आत्ती आल्या नाहीत. “धारंखाली पातेलं ठेवलंय,” त्या आतून म्हणाल्या, “मला हितं ब्येस हाय.” अक्का दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा आत्तींनी आतून कडी लावली. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईला दार लावता येईल अशी स्वतःची खोली कधी नव्हती, हे अक्कानं पडवीत मला सांगितलं, आणि दाजींनी झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. तिथल्या कुंडात सापडलेल्या एका इवल्या माशाची २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली, आणि दुसऱ्याच वर्षी शासनानं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दाजी पाण्याकडं बघत म्हणाले, “माशाची नोंद हुती. आमची हुत न्हाई.”

परत आलो, तर आवारात एक भजीवाला थांबलेला. त्याला घर पसंत होतं. चाकं काढून चार चिऱ्यांवर ठेवणार होता, म्हणजे हेतूचाही प्रश्न मिटत होता. त्यानं किंमत सांगितली, दाजींनी नको म्हटलं, त्यानं वाढवली. तिसऱ्या आकड्याला दाजींचा चेहरा सैल पडला, तेवढ्यात आतून कडी वाजली.

“माझी खोली हाय ती,” आत्ती म्हणाल्या. “इकायची न्हाई. परसात ठेवा.”

भजीवाला गेला. फळ्या लावायला पोरांना पुन्हा बोलावणं धाडलं. एवढा वेळ बिडी ओढत बसलेला ड्रायव्हर उठून दाजींजवळ आला.

“म्हंजे परतीचं भाडं भरल्या गाडीचं,” तो म्हणाला. “म्हातारीसकट धरू, का म्हातारी सोडून?”