दाढेची वॉरंटी

मराठी घरात वॉरंटी कार्डांची एक फाइल असतेच. फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर आणि कधीच भंगारात गेलेला टेपरेकॉर्डर असे सगळे तिच्यात सुखाने नांदत असतात. हल्ली त्यांच्यात दाढही आली आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर दाढेचं कार्ड लॅमिनेट करून घेतलं. झिर्कोनियाची कॅप, वॉरंटी १५ वर्षं. वय ७२. म्हणजे ८७ पर्यंत चिंता नाही, असा त्यांचा हिशेब.

रूट कॅनाल केलेली दाढ चावताना चिरू शकते, म्हणून तिच्यावर कॅप घालायची, एवढीच खरं तर गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "मागची दाढ आहे, मेटलची बसवू. दणकट असते, दात कमी घासावा लागतो, स्वस्तही पडते."

"छे छे! चारचौघांत हसायचं कसं?"

टॉर्च मारून, आरसा आत सारल्याशिवाय डॉक्टरांनाही जी धड दिसत नाही, त्या दाढेच्या रूपाची ही काळजी! ठरली झिर्कोनिया. वहिनींच्या कुड्यांतले अमेरिकन डायमंड म्हणजेही झिर्कोनियाच. घरात दागिन्यांची वाटणी अखेर समान झाली.

मग रंगाचा प्रश्न. डॉक्टरांकडे ए१ पासून डी४ पर्यंत १६ नमुन्याचे दात ओळीने लावलेली एक पट्टी असते. खिडकीच्या उजेडात ती शेजारच्या दाताला लावून बघतात. सेक्रेटरींनी बी१ वर बोट ठेवलं, तो सगळ्यांत गोरा. डॉक्टरांनी मुकाट्याने ए३.५ काढला. आयुष्यभराचा चहा आणि तरुणपणीची मिश्री त्या साडेतीनात जमा होती. साडेतीन हा आपल्याकडे मुहूर्तांचा आकडा, तरी स्वारी नाराजच.

कायमची कॅप लॅबमधून येईपर्यंत तात्पुरती बसवतात. तिच्यावर चिकट काही खायचं नाही, असं बजावलेलं असतं. सेक्रेटरींनी लोणावळ्याच्या चिक्कीवर तिची चाचणी घेतली. कॅप चिक्कीसोबत बाहेर. निघालेली कॅप डबीत ठेवून दवाखाना गाठायचा असतो. हे मात्र नातवाची खेळणी जोडायचा गोंद शोधत होते. वहिनींनी वेळीच हात धरला.

शेवटी खरी कॅप आली. दातांत निळा कागद, "चावा, घासा, उंच लागतेय का?" भूल उतरलेली नसली तर जबड्याला कसलं उंच नि कसलं सखल! पण बिल भरायची घाई झालेला माणूस "परफेक्ट" म्हणून मोकळा होतो आणि आठवड्याने दाढ ठणकते म्हणून डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडतो.

मेडिक्लेमचाही प्रयत्न झाला. पॉलिसीत दाताचं काम सहसा अपघात झाला तरच बसतं. जिन्यावरून पडायची तयारी नव्हती, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

आता मुद्द्याचं. झिर्कोनियाला कीड लागत नाही. कीड लागते कॅपच्या कडेला, हिरडीपाशी, जिथे खरा दात उरलेला असतो. म्हणून रात्री ब्रश, कडेने फ्लॉसचा दोरा आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांना तोंड दाखवणं. सेक्रेटरींना हे सांगितलं तर म्हणाले, "कॅप घातलीय की आता!" गच्ची गळत असताना निवडणुकीआधी इमारतीला रंग काढणारे हेच गृहस्थ. त्यांच्या ब्रशचे केस चारी दिशांना गेलेत; नवा घ्यायला चाळीस रुपये पडतात, म्हणून तोच चालू आहे.

कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वॉरंटी कॅपची आहे. खालच्या दाताबद्दल त्यात अवाक्षर नाही. ते वाचायचं राहिलं, कारण लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते.

परवा त्यांच्या शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू झालं. फाइलीत एक प्लास्टिकचा खिसा रिकामा करून ठेवला आहे. टेपरेकॉर्डरचं कार्ड काढलंय म्हणे.