अस्सलराव ग्वाल्हेरात

पुण्याहून निघणाऱ्या प्रत्येक सहलीच्या बसमध्ये एक अस्सलराव असतात. किल्ले, महाल, संग्रहालयं ही इतरांसाठी. यांना 'तिथलं अस्सल' खायचं असतं आणि त्यापायी ते हॉटेलच्या भाड्यात धरलेली न्याहारीसुद्धा सोडतात. पैसे भरलेली न्याहारी पुणेकरानं सोडणं, याहून मोठा त्याग आमच्या पाहण्यात नाही.

ऐन वैशाखात ते ग्वाल्हेरला आले. किल्ल्यावर मानमंदिर महालाच्या भिंतीवरची पिवळी बदकं सगळे बघत होते, तेव्हा यांनी गाइडला एकच विचारलं, "राजा मानसिंह सकाळी काय खायचे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वारी लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथं छावणी टाकली आणि तिचंच शहर झालं. अस्सलरावांना हवं होतं परकं गाव. पाट्या वाचाव्यात तर फालका बाजार, पाटणकर बाजार, शिंदे की छावनी! महाराज बाड्यावर मधोमध पुतळा, तोही जिवाजीराव शिंद्यांचा. "एवढा प्रवास करून पेठेतच आलो की!" म्हणत ते खट्टू झाले.

नया बाजारात बहादुरा मिठाईवाल्याकडचे साजूक तुपातले बुंदीचे लाडू मिळाले. "अटलजींना फार आवडायचे," कुणीतरी सांगितलं. अस्सलरावांनी चार लाडू संपवले आणि मग निकाल दिला, "इतकं प्रसिद्ध झालं की अस्सल राहत नाही."

पुढं बेडई. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली, टम्म फुगलेली पुरी आणि बटाट्याचा झणझणीत रस्सा. लोक उभ्याउभ्या खाऊन कामाला लागत होते. यांनी उलटतपासणी आरंभली. हिंग कुठला? तेल कुठलं? शंभर वर्षांपूर्वी हा रस्सा असाच होता का? हलवाई म्हणाला, "बाबूजी, तब आलू छीलने वाला दूसरा था." तोवर बेडई चामट झाली आणि दोष ग्वाल्हेरला लागला.

मग गजक. गरम पाक खुंटीला टांगून ताणायचा, भाजलेल्या तिळांत घालून मोगरीनं कुटायचा, हे त्यांना पाठ होतं. "जाड़े में आइए," दुकानदार म्हणाला. वैशाखात गजक मागणारा हा माणूस स्वतःला जाणकार म्हणवतो.

परतताना यांचं मराठी कानावर पडलं, तशी एका जुन्या घरातल्या आजींनी हाक मारली, "अहो, पुण्याचे नं तुम्ही? दोन घास खाऊन जा." अस्सलराव हसले. "नको हो आजी, मराठी जेवण घरी रोजचंच आहे." जी आमटी सहा-सात पिढ्या ग्वाल्हेरचं पाणी पिऊन मुरली, तिला त्यांनी असं दारातूनच परत पाठवलं. दुपारी हॉटेलात पनीर मागवलं.

वाचकहो, ग्वाल्हेरला जरूर जा, पण थंडीत जा. बेडई आधी खा, प्रश्न मागून विचारा. आणि कुणी घरात बोलावलं, तर चपला काढून मुकाट्यानं पानावर बसा.