मामाचा परगावचा सामना

मँचेस्टर युनायटेडचा पाठीराखा ओळखायला हल्ली लाल जर्सी पाहावी लागत नाही. सोमवारी सकाळी चहाच्या गाड्यावर "काय, कसं काय?" असं विचारल्यावर जो आधी उसासा टाकतो, तो. तुमच्या गल्लीतही एखादा असणारच. 2013 साली प्रशिक्षक फर्ग्युसनसाहेब संघाला विसाव्यांदा लीग जिंकून देऊन घरी गेले आणि याची परवड सुरू झाली. मोयेस आले, व्हॅन हाल आले, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग आले आणि गेले. 2024-25 मध्ये तर संघ 42 गुणांवर थेट पंधराव्या नंबरावर जाऊन बसला. हा मात्र हलला नाही.

आमच्याकडे त्याला मामा म्हणतात. कुणाचा मामा, ते विचारू नये. उद्यमनगरात त्याची लेथ आहे आणि तिथे मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी पोरांच्या सात पिढ्या उद्धरतात. फुटबॉलच्या बाबतीत मात्र मापाशी त्याचा काही संबंध उरत नाही.

आता कोल्हापुरात परगावचा सामना ही भानगडच नाही. पाटाकडील असो, खंडोबा असो, शिवाजी तरुण मंडळ असो की दिलबहार, सगळ्यांनी खेळायचं शाहू स्टेडियमवरच. पेठा वेगळ्या, घोषणा वेगळ्या, मैदान एक. त्यामुळे परगावच्या सामन्याचं दुःख मामाने थेट इंग्लंडहून मागवलं आणि त्याचं शास्त्र मात्र इथेच तयार केलं. युनायटेडचा घरचा सामना आपल्या घरी पाहायचा, परगावचा दुसऱ्याच्या. दुसरा म्हणजे मी.

"अरे, ओल्ड ट्रॅफर्ड काय आणि ॲनफिल्ड काय, मंगळवार पेठेतनं सारखंच लांब," असं मी एकदा त्याला म्हटलं.

"तसं न्हाई मर्दा. दुसऱ्याच्या घरात हरलं की ते दुसऱ्याच्या घरातच राहतंय."

येतो तोही पाहुण्या संघाच्या रीतीने. जर्सीवर स्वेटर, स्वेटरची चेन हनुवटीपर्यंत. दिवाणाच्या कडेला टेकतो. रिमोटला हात लावत नाही, आवाज वाढवा म्हणत नाही, भडंग पुढे केलं तर दोन दाणे उचलतो. युनायटेडने गोल केलाच तर दोन्ही हात वर करून कुजबुजत ओरडतो. कारण आमचे चिरंजीव लिव्हरपूलचे. त्यांना कळायला लागलं तेव्हा क्लॉपचा जमाना होता, त्यात पोराचा काय दोष!

पण हे सगळं सामन्याच्या दिवशीचं. खरा जाच आदल्या आठवड्यात.

31 डिसेंबर 2024 ची सकाळ. युनायटेड आदल्या रात्री न्यूकॅसलकडून आपल्याच मैदानावर 0-2 हरलेला. लीगमधला लागोपाठ तिसरा पराभव, तिन्हींत मिळून एक गोल नाही, नंबर चौदावा. झर्कझीला तर प्रशिक्षक आमोरिमने 33 व्या मिनिटालाच बाहेर काढलं आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. आणि पुढचा सामना 5 जानेवारीला, ॲनफिल्डवर, पहिल्या नंबरावरच्या लिव्हरपूलशी. फोन वाजला.

"सात," मामा म्हणाला.

"काय सात?"

"खाणार. सातला आपण तयार हाय."

5 मार्च 2023 ला याच मैदानावर युनायटेडने 7-0 असा मार खाल्ला होता, तेव्हापासून सात हा मामाचा पायाभूत दर आहे. बोली तिथून सुरू होते आणि दिवसागणिक खाली येते. वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं चाचपत सौदा चालतो ना, तसा हा आठवडाभर सौदा करतो. रुमालाच्या पलीकडचा हात कुणाचा, ते मला आजवर कळलेलं नाही.

1 जानेवारीला मी अंघोळीला गेलो असताना फोन आला. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या मामांचा होता. पाच म्हणाले आणि ठेवला. पाच काय आणायचेत?" दुसऱ्या दिवशी चार, त्यातही "आपला एक धरून". शुक्रवारी आम्ही एका ओळखीच्यांच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. मामा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तीन." पलीकडच्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि मला विचारलं, "तीन का? मला वाटलं दोनच मुलगे आहेत त्यांना."

शनिवारी भाव बरोबरीवर आला. त्याला पुरावेही होते. त्या सात गोलांनंतर युनायटेड ॲनफिल्डवर परत गेला, तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये 0-0 सुटला की नाही? जानेवारी 2016 मध्ये रूनीच्या एका गोलावर तिथेच जिंकलो की नाही? मधली नऊ वर्षं तिथे एकदाही जिंकलो नाही, ही बाब त्याने अर्थातच वगळली. सौद्यात आपल्या बैलाचे दात कोण मोजून दाखवतो!

त्याच संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला या वैराचं मूळ सांगत होता. "बघा वहिनी, लिव्हरपूल ते मँचेस्टर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच. बंदर लिव्हरपूलचं. मँचेस्टरचा सगळा कापूस तिथनं यायचा आणि हे बसून पैसे उकळायचे. मग मँचेस्टरवाल्यांनी काय केलं, समुद्रापर्यंत आपला स्वतःचा कालवाच खणला. 1894 ला जहाज थेट दारात!"

"म्हणजे भांडण जकातीचं," बायको पोळी उलटत म्हणाली. "मग बॉल कशाला मारतात?"

मामाने यावर विचार केला. उत्तर काही दिलं नाही.

रविवारी सकाळी वेगळंच संकट उभं राहिलं. लिव्हरपूलला रात्रीपासून बर्फ पडत होता, सामना होतो की नाही अशी शंका होती. मंगळवारी ही बातमी आली असती तर मामाने अंबाबाईची ओटी भरली असती. आता बोली 2-1 अशी विजयावर आली होती, आणि हाताशी आलेला विजय बर्फाखाली गाडला जाणार! उन्हाला लेथच्या दारात बसून तो पोरांकडून दर अर्ध्या तासाने ॲनफिल्डचं हवामान बघून घेत होता. "आपल्याला भिऊन रद्द करतेत," हा त्याचा निष्कर्ष. संध्याकाळी मैदान आणि रस्ते पाहून सामना होणार असं जाहीर झालं, आणि रात्री दहाच्या आधीच स्वेटर आमच्या दारात हजर.

सामन्याचं फार सांगत नाही. 52 व्या मिनिटाला लिसांद्रो मार्तिनेझने गोल मारला, मामाचे हात वर गेले, घशातून फक्त हवा आली. मग गाकपोने बरोबरी केली, सालाहने पेनल्टी घातली. "दोन-एकच म्हणालो होतो," मामा पुटपुटला, "फक्त बाजू उलटी झाली." 80 व्या मिनिटाला आमादने 2-2 केलं. आणि 89 व्या मिनिटाला मामा उठला, दाराशी गेला, चप्पल घातली आणि उंबऱ्यातून सामना बघू लागला.

पोराने माझ्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मे 1999, बार्सिलोना, बायर्नविरुद्धची फायनल. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. आमच्यातल्या एकाच्या घरी नवा टीव्ही होता, आम्ही सगळी पोरं एका चटईवर. बायर्न सहाव्या मिनिटापासून पुढे. 89 व्या मिनिटाला मामा चिडून उठला आणि चप्पल घालायला लागला. तो दारात असतानाच शेरिंगहॅमने एक आणि सोल्शारने दुसरा घातला. त्या रात्री आम्ही पेठेत अनवाणी पळालो होतो, चपला फक्त मामाच्या पायात होत्या.

त्या चटईवरचा एक आता पुण्यात असतो, एक शारजात. टीव्हीवाल्याने फुटबॉल सोडून पतसंस्थेच्या निवडणुका धरल्या. त्यांच्या जागेवर वर्षानुवर्षं मामा एकटा खेळतोय. मंगळवारच्या त्या फोनला माझं खरं म्हणजे काही हरकत नसते. एखाद्या आठवड्यात तो आला नाही, तर "आज भाव काय?" म्हणून मीच विचारतो. हे त्याला सांगू नका, पाचाऐवजी दहा फोन करेल.

97 वं मिनिट. ज्याची सगळ्यांनी हुर्यो केली होती त्याच झर्कझीने चेंडू अगदी बशीत घालून मॅग्वायरसमोर ठेवला. मॅग्वायरने तो आडव्या दांड्यावरून आभाळात घातला. शिट्टी. 2-2.

"मामा, हा गोल होता," लिव्हरपूलचा पाठीराखा म्हणाला, आणि भडंगाची अख्खी ताटली त्याने दारापर्यंत नेऊन दिली. मामाने ती घेतली. "चपला दोन्ही पायात होत्या, बघ," एवढंच त्याने पोराला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कामासाठी मी लेथवर गेलो. मशीन बंद. मामाने जमिनीवर एक मोठा नट ठेवला होता, आणि तो चेंडूवर कसं वाकायचं, गुडघा कुठे ठेवायचा, पंजा कसा खाली दाबायचा, हे मॅग्वायरच्या वतीने पोरांना समजावत होता. हातात आलेले दोन पॉइंट घालवले, हे वाक्य मी उभा होतो तेवढ्यात चारदा तरी झालं.

कोपऱ्यातलं सगळ्यात लहान पोरगं न राहवून म्हणालं, "पण मामा, तुम्ही तर सात खाणार म्हणून सांगत होता."

मामाने नटावरची नजर न काढता म्हटलं, "तो मंगळवार होता."