नव्याने रुजू झालेल्या रायबोसोमसाठी सूचना

अभिनंदन. आपली नेमणूक अस्थिमज्जेतल्या एका पेशीत, हिमोग्लोबिन विभागात झाली आहे. काम अवघड नाही. डोकं बाजूला ठेवता आलं पाहिजे, एवढंच.

आपल्यासमोर आरएनएची लांबलचक पट्टी येईल. अक्षरं चारच: ए, यू, जी, सी. मूळ दस्तऐवज, म्हणजे डीएनए, केंद्रकाबाहेर पाठवत नाहीत. ही त्याची नक्कल, आणि नकलेत टीच्या जागी यू लिहायची पद्धत आहे. पट्टीवर शब्द तोडलेले नसतात, स्वल्पविरामही नसतो. एयूजी दिसेपर्यंत सरकावं आणि तिथून तीन-तीन अक्षरं वाचावीत. एका अक्षरानं घसरलात तर पुढचं सगळं भलतंच वाचाल, आणि ते आपल्या लक्षातही येणार नाही.

तीन अक्षरांचा एक कोडॉन. कोडॉन 64, अमिनो आम्लं 20. ल्युसिनला सहा कोडॉन आणि ट्रिप्टोफॅनला एकच, यावर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. यूएए, यूएजी, यूजीए यांपैकी काही दिसलं की काम थांबवावं. तक्ता पाठ करू नये. ती शिक्षा बारावीच्या मुलांना आहे. 1961 मध्ये नायरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यूंची पट्टी दिली, तेव्हा आपल्या जिवाणूतल्या भाऊबंदांनी निमूटपणे फेनिलअ‍ॅलनिनची साखळी जोडून दिली होती. पुढे हरगोविंद खोरानांनी यूसीयूसी अशी पट्टी घडवली, तर सेरिन आणि ल्युसिन आलटून पालटून. 1968 चं नोबेल खोराना, नायरेनबर्ग आणि हॉली यांना मिळालं. यादीत एकाही रायबोसोमचं नाव नव्हतं.

आम्लं टीआरएनए आणून देतो. त्याची तीन अक्षरं पट्टीशी जुळली की माल घ्यावा. माल कोणता, हे तपासायचा अधिकार आपल्याला नाही. 1962 मध्ये टीआरएनएवर बसलेल्या सिस्टीनचंच रसायनानं अ‍ॅलनिन करून पाहिलं. रायबोसोमनं ते सिस्टीनच्या जागी बिनबोभाट बसवलं. शिस्त म्हणतात ती ही.

आपल्या विभागातली एक पट्टी अशी सुरू होते: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी. (पहिलं मेथिओनिन मागाहून छाटतात, म्हणून पुस्तकात ही सातवी जागा सहावी म्हणून सापडेल.) जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल. काही पट्ट्यांवर तिथं जीयूजी असतं, म्हणजे व्हॅलिन. आपण व्हॅलिनच जोडावं. 146 आम्लांच्या साखळीत फरक एका आम्लाचा. आई-बाप दोघांकडूनही असाच मजकूर आला असेल, तर ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये एखादं पोर सांधे धरून कळवळतं. आपल्यावर ठपका येणार नाही. आपण लिहिलं होतं तेच वाचलंत.

बदलीबाबत: मायटोकाँड्रियात जागा मागू नये. तिथं यूजीए दिसलं की ट्रिप्टोफॅन जोडतात. इथल्या सवयीनं आपण दर खेपेला काम अर्ध्यावर टाकाल.