ब्रॅडशॉवाल्या आत्याबाई

राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या सुखवस्तू इंग्रज घरात बिनलग्नाची एक आत्या हटकून असायची. राहायची भावाकडे, वागायची वहिनीच्या मर्जीने. पण कुणी कुणाकडे, कधी आणि किती दिवस राहायला जायचं, हे खातं तिचं. आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण म्हणतो. या बाईंना मिश्या असत्या तर लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने त्यांना थेट मॅनेजर नेमलं असतं.

त्यांच्या उशाशी बायबल आणि बायबलावर ब्रॅडशॉ. देशभरच्या गाड्यांचं हे वेळापत्रक दर महिन्याला निघे. बारीक टाइप, जागोजागी खुणा आणि तळटीपा. भाऊसाहेब ते उघडत, खाकरत आणि ‘ताईला विचारा’ म्हणून मिटत.

१८४० पासून एका पेनीत पत्र देशात कुठेही जाऊ लागलं, तेव्हापासून तर आत्याबाईंना रान मोकळं मिळालं. त्यांचं पहिलं पत्र चौकशीचं: तुमच्याकडे कुणाला गोवर, स्कार्लेट फीवर नाही ना? दुसरं पत्र पाहुण्यांच्या खोलीतली चिमणी धुरकटते का, याबद्दल. तिसऱ्यात तारीख. चौथ्यात ती बदललेली. लंडनमध्ये टपाल दिवसातून कितीतरी वेळा वाटत, त्यामुळे सकाळी घातलेला घोळ संध्याकाळपर्यंत दुप्पट करता येई.

खरी कसोटी सोबतीची. तरुण मुलीला एकटीने गाडीत बसवणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. भाचीला जायचंय बाथला, थोरला भाचा निघालाय यॉर्कला. तेव्हा भाची आधी यॉर्कला, तिथे आठवडाभर चुलत आजीकडे, मग एखादे पाद्रीबुवा दक्षिणेकडे निघाले की त्यांच्याबरोबर बाथला. पाद्रीबुवांना हे सगळ्यात शेवटी कळायचं.

निघण्याच्या दिवशी सकाळपासून चहा बंद, कारण डब्यात संडास नसायचा. ही बंदी पाद्रीबुवांनाही लागू. लंडनहून बाथला जाताना गाडी स्विंडनला १० मिनिटं थांबे, तिथे काय ते उरका. पायाशी गरम पाण्याचा पत्र्याचा डबा, मोलकरीण थर्ड क्लासात आणि पोहोचल्याची तार सक्तीची. १८७० पासून शिलिंगात २० शब्द जात. ‘सुखरूप पोहोचले’ एवढ्यावर भागलं असतं, पण पैसे वसूल करायचे म्हणून उरलेल्या शब्दांत हवा, खोकला आणि पायमोजे.

आत्याबाईंचा स्वतःचा प्रवास मात्र दुसरेच ठरवत. बहीण बाळंतीण, काकू अंथरुणावर, की चला. मिळेल ती गाडी, सेकंड क्लास, सोबत कुणी नाही. या वयाच्या बाईला कोण पळवून नेणार, असं वहिनीचं मत. ते साफ चुकीचं होतं. आख्ख्या घरात पळवून नेण्याच्या लायकीचं माणूस तेवढंच होतं.